पापड नको, भाकर

मित्रांनो, विद्यानगरातल्या एका लहान तपासणी-केंद्रात राहणारा मी एक जुना सूक्ष्मदर्शक. जन्म अंबाल्याचा, पण नजर कमावली ती इथे, हैदराबादेत. माझ्यात दोन खास काचा आहेत. एक दुसरीला आडवी फिरवली की प्रकाश अडतो आणि काळोख होतो. शरीरात एक नको ते प्रथिन साचलं असेल, तर तांबडा रंग दिल्यावर तेवढंच त्या काळोखात कच्च्या पेरूसारखं हिरवं चमकतं.

बावीस वर्षं मी ते दाखवलं. त्रिवेणीअक्का मला रोज मऊ फडक्यानं पुसायच्या. त्या निवृत्त झाल्या, मोठ्या पडद्याचं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटात झाली. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात. इथे ती वर्षभर टिकली.

अक्कांच्या जागी रूपाली आली. तिचे वडील किशनराव सिकंदराबादला रेल्वेत होते. त्यांचे पाय सुजले, तेव्हा मूत्रपिंडाचा तुकडा आमच्याकडेच तपासायला आला. नव्या यंत्राला माझ्यासारख्या काचा नाहीत. काही सापडलं नाही, असा अहवाल गेला. तीन महिन्यांत किशनरावांना जिना चढवेना. मग केंद्राच्या डॉक्टर स्नेहांनी मला बाहेर काढायला लावलं.

तुकड्याचे पातळ काप घेण्यात रूपालीचा हात धरणारं कुणी नाही. वडिलांसाठी तर तिनं जीव ओतला आणि नेहमीपेक्षाही पातळ काप घेतला. मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. नुसता काळोख.

"यातही काही नाही गं," डॉक्टर म्हणाल्या. "या जुन्याला आता भंगारातच देऊ."

भंगाराचं मला काही वाटलं नाही. मला ओरडायचं होतं, रूपाली, आजार नाही असं नाही, तुझा काप फार पातळ झालाय, चमकायला त्यात काही उरलंच नाही. पण मला तोंड नाही. इतका असहाय मी कपाटातही नव्हतो.

रूपालीनं रडत अक्कांना फोन लावला. "अक्का, काहीच दिसंना. बाबा तर रोज खचायलेत."

"पतला काटलीस ना? या रंगाला पतला नक्को, पोरी. दुप्पट जाड घे. पापड नक्को, भाकर कर."

तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून जपला होता; त्यातला आता एकाच कापापुरता उरला होता. हात चुकला असता तर सगळं संपलं असतं. श्वास रोखून तिनं पातं चालवलं, रंग दिला, काप माझ्याखाली सरकवला. मी आडवी काच सांभाळून धरली.

हिरवं. जिकडे तिकडे हिरवं.

"सापडलं," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "औषध आजच सुरू करू. फार उशीर झाला नसेल तर बरं."

ते हिरवं तीन महिन्यांपूर्वीही तिथेच होतं, मित्रांनो. आणि मी चार पावलांवर, कुलुपात. म्हणून हात जोडून सांगतो, जुनं बाजूला सारण्याआधी त्याला काय दिसतं ते एकदा पाहा. ज्यांनी ते वापरलं त्यांना विचारा.

हल्ली रूपाली रोज सकाळी मला पुसते. मग कामाला लागते. आणि बाबा कसे आहेत, हे मला तिला विचारता येत नाही.