दारातली सून आणि आडवा आठ

गुरुवारी निवृत्तीभाऊंच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. अंगणात माणसं, कुंपणावर माणसं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतही माणसं. का? तर छायानंद महाराज पाकीट उघडणार होते!

बाकीचे महाराज हवेतून अंगारा काढतात, हे फोटोतून भूत काढायचे. गळ्यात जुना रीळवाला कॅमेरा, कपाळावर चार बोटं गंध. डोळे अर्धे मिटून म्हणायचे, "भक्तहो, मोबाईल माणसाचं कातडं दाखवते. माहा कॅमेरा आत्मा दाखवते. ज्याले बाधा, तो धूसर!"

एका गुरुवारी अख्ख्या घराचा फोटो काढायचा, पुढच्या गुरुवारी धुऊन आणायचा. महिनाभरात गावातल्या चार घरांत बाधा निघाली होती. चारही बायकांना आश्रमात मिरचीच्या धुरीत बसवलं होतं. त्यातली जयमाला परत आली तेव्हापासून कोणाशी बोलतच नव्हती.

महाराजांनी पाकिटातून या घराचा फोटो बाहेर काढला, तो हातोहात फिरला. पुढे चटईवर निवृत्तीभाऊ, त्यांची बायको शालूबाई, मुलगा हर्षल आणि दहावीतली समीक्षा. निवृत्तीभाऊंच्या मिशीचा केसन् केस मोजून घ्यावा! आणि मागे दारात हर्षलची बायको महामाया. तिचा चेहरा ओल्या कागदावरच्या शाईसारखा फुटलेला.

"अरे देवा!" गर्दी मागे सरकली.

"एकवीस दिवस आश्रमात," महाराज म्हणाले. "लेकरू घरीच राहीन. आत्ताच्या आत्ता जीपमध्ये बसवा."

शालूबाईंनी नातवासाठी हात पुढे केले. महामायाने सात महिन्यांचं बाळ आणखी घट्ट धरलं. हर्षल जमिनीकडे बघत उभा. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

पण समीक्षाच्या दप्तरात त्या चार घरांतून मागून आणलेले चार फोटो होते. काल शाळा सुटल्यावर ती ते घेऊन चिखलीत जुने स्टुडिओवाले रवीकाका आहेत, त्यांच्याकडे गेली होती. काकांनी फोटो टेबलावर मांडले, कागदावर कॅमेऱ्याचं पोट काढून दाखवलं आणि म्हणाले, "पोरी, बाई पाहू नको. बाईच्या मागचं पाह्य."

समीक्षा उठली. "महाराज, एक इचारू? फोटोत वहिनीच्या बाजूचं कॅलेंडरही धूसर आहे. कॅलेंडरलेही बाधा झाली का?"

ट्रॉलीतून कोणीतरी फिसकन हसलं.

"बाधा आजूबाजूले सांडते, बालिके."

"हाव? मंग चारही घरी ती सुनेवरच काऊन सांडते? सासूवर काऊन नाही?"

तिने चारही फोटो वर धरले. "पाहा! सासरा, सासू, पोरं पुढं चटईवर. सून मागं दारात. सासऱ्यासमोर ती चटईवर बसते का कधी? नाही ना! जे दूर आहे ते धूसर. बाई असो का बकरी."

"समे, खाली बस!" निवृत्तीभाऊ ओरडले. "महाराजांची माफी माग!"

"मागतो, बाबा. आधी वहिनीले चटईवर बसू द्या अन् महाराजांले दारात उभं करा. कॅमेरा नुसता डोळ्याले लावून पाहायचा. रीळही लागत नाही."

महाराज गरजले, "त्या काचेत फक्त सिद्ध पाहू शकते! दुसऱ्यानं पाह्यलं तर डोळे जातीन!"

पुन्हा हॉर्न वाजला.

तेव्हा हर्षलने मान वर केली. "जाऊ दे मंग माहे डोळे." आणि त्याने महाराजांच्या गळ्यातून पट्ट्यासकट कॅमेरा काढून घेतला.

समीक्षाने वहिनीला हाताला धरून चटईवर बसवलं. हर्षलने कॅमेरा डोळ्याला लावला. हळू आवाजात म्हणाला, "महामाया तर साफ दिसून राह्यली. डोळ्यातलं पाणीबी दिसते." मग कॅमेरा दाराकडे वळवला. महाराज मागे सरकत सरकत आपणहून तिथवर पोचले होते!

"समे... महाराज धूसर!"

अंगणात एकच हशा झाला. पण समीक्षाचं काम अजून बाकी होतं.

"दादा, लेन्सची कडी शेवटपर्यंत फिरव. आडवा आठ आहे ना? ती अनंताची खूण. तिथं ठेवलं की लांबात लांब वस्तू साफ दिसलीच पाहिजे. आता गावाबाहेरची पाण्याची टाकी पाह्य."

"टाकी कुठं? नुसतं धुकं आहे."

"म्हणजे लेन्स जागेवर नाही, पुढं सरकलेली आहे. आण इकडं."

"उघडू नको! रीळ जळेल!"

"आत पडदा बंद असते, महाराज. नाही जळत."

तिने लेन्स आट्यांवरून फिरवून काढली. बुडाशी काळं रबरी कडं होतं, सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं, जाडी जेमतेम एक मिलिमीटर. ते काढून तिने लेन्स पुन्हा घट्ट बसवली आणि कॅमेरा बाबांच्या हातात दिला.

निवृत्तीभाऊंनी तो टाकीकडे वळवून पाहिलं. मग खाली ठेवत पुटपुटले, "टाकीवरचा कावळा दिसते."

"भिंग कागदापुढं धरून झाडाचं चित्र पाडायचा प्रयोग आम्ही शाळेत केला," समीक्षा म्हणाली. "भिंग जरा पुढं सरकवलं की झाड पुसट, अन् जवळची वस्तू साफ. या रबरी वायसरानं तेच केलं. महाराजांले ते माहीत होतं, म्हणून तर दुसऱ्या कोणाले काचेत पाहू देत नव्हते!"

महाराज जीपकडे वळले, पण वाटेत पोलीस पाटील उभे होते.

गर्दीतून जयमाला पुढे आली. तिने ते रबराचं कडं तळहातावर घेतलं, उलटसुलट केलं. आश्रमातून आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज निघाला.

"यवढ्याशासाठी?"

शालूबाईंनी तोंडाला पदर लावला.

म्हणून सांगणं एवढंच, वाचणाऱ्यांनो. फोटोत कोणी पुसट दिसली तर तिला जीपमध्ये घालू नका, आधी कॅमेरा उघडून बघा. कोणी म्हणालं, 'यात पाहू नको, डोळे जातील,' तर तिथं हमखास पाहा. आणि घरचा फोटो काढायचाच असेल, तर चटईवर थोडं सरका. सुनेलाही बसू द्या.