गोड्या पाण्याचा नमुना

साबणाला फेस येईना. भाचीनं हात पुन्हा पंपाखाली धरले, वडी पुन्हा चोळली, तर साबण नुसता चिकट होऊन बोटांना बसला. लहानपणी याच पंपाखाली तिला आंघोळ घालताना फेस धुऊन काढता काढता मामीच्या नाकी नऊ यायचे.

दुसरी कुणी असती तर तिनं साबणाला शिव्या घातल्या असत्या. पण हिचं पोटच जमिनीखालच्या पाण्यावर चालत होतं. किनाऱ्यालगतच्या या सपाट मुलखात वरच्या वाळूत खारं पाणी, त्याखाली काळ्या चिकणमातीचा जाड थर आणि थराखाली गोडं पाणी. सगळी वस्ती त्या गोड्या पाण्यावर जगते. ते किती उरलंय हे मोजायचं तर थर भेदून बोअर घ्यायची, पाइप सोडायचा आणि पाइपभोवतीची फट सिमेंटनं बुजवायची. फट नीट बुजली नाही तर वरचं खारं पाणी खाली उतरतं, आणि उतरलं की संपलं. म्हणून आधी एकच बोअर घेऊन वर्षभर वाट बघायची, हे तिनंच कार्यालयात भांडून ठरवून घेतलं होतं. जागा मामांनी दिली, याच अंगणातली. जवळच्या पंपाचं पाणी दर महिन्याला बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचं कामही त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं.

वर्षभर पाणी गोडंच आलं. आलेख तर पट्टीनं आखल्यासारखा. "तुमच्या मामांसारखंच सरळ पाणी आहे," असं तिचे साहेब म्हणाले आणि भाचीबाई हवेत गेल्या. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती, कारण जमिनीखालचं पाणी इतकं शहाण्यासारखं कधी वागत नाही. पण घरच्या माणसाची बाटली कोण तपासून बघतो? त्या आलेखाच्या जोरावर वस्तीभर बोअरना मंजुरी मिळाली. बहुतेक सगळ्या झाल्या होत्या. शेवटची आज शाळेच्या मागे चालली होती, म्हणूनच ती जेवायला मामांकडे आली होती.

तिनं गाडीतून पाण्यातला खारेपणा मोजायचा मीटर आणून बादलीत बुडवला. आकडा चढत गेला. मीटर बिघडलाय असं स्वतःला सांगून तिनं तो पुसला, पुन्हा बुडवला. तोच आकडा.

मामा दारात उभे होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. वडील गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं होतं.

"मामा, हे पाणी कधीपासून असं आहे?"

"आधी जेवून घे."

"मामा."

"झाले असतील आठ-नऊ महिने. तोंडात घेतलं की कळतं ना."

"मग बाटलीत काय भरत होता?"

"आम्ही प्यायला कॅन मागवतो. त्यातलं."

"अहो, पण का?"

"का म्हणजे? तुझं पहिलंच मोठं काम. लोक टपलेलेच असतात. तुझ्याच बोअरनं मामाचं पाणी नासलं म्हटल्यावर कुणी उभं केलं असतं तुला? आमचं काय, दोन म्हातारी माणसं. भागतं."

तिला ओरडायचं होतं आणि रडायचंही होतं, आणि दोन्ही जमेना. चिडणार तरी कुणावर? ज्या मायेनं तिला वाढवलं, त्याच मायेनं त्या बाटल्या भरल्या होत्या.

"त्या बाटल्यांवर विसंबून बाकीच्या बोअर घेतल्या, मामा," ती हळू म्हणाली. "फट सगळीकडे अशीच बुजवलीय. तुमचं पाणी गेलं, तसं आता काही महिन्यांत सगळ्यांचं जाणार."

मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मग पुन्हा बुजव. नीट बुजव."

"बुजवीन. पण खाली गेलेलं मीठ तुमच्या हयातीत निघणार नाही. माझ्याही नाही."

तिनं बोअरवाल्या मिस्त्रीला फोन लावला. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून तोच आधी बोलला.

"मॅडम, तुम्हालाच लावत होतो. पाइप टाकला, फट बुजवली, सगळं आटोपलं. पंप सोडून बघतोय. काय पाणी लागलंय म्हणून सांगू, हेडमास्तर ओंजळीनं पितायत."

फोन तिनं कानापासून दूर धरला होता, त्यामुळे मामांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा उजळला.

"बघ, लागलं ना गोडं?" ते म्हणाले. "उगाच जिवाला लावून घेतेस. एकट्या माझ्याच अंगणात बिघडलं असेल काही."

आतून मामीचा आवाज आला, "शाळा काय, दोन पावलांवर आहे. रोज दोन कळश्या तिथून आणत जाईन मी. चालेल ना गं?"

भाचीनं मीटर बंद केला.

"आण, मामी," ती म्हणाली. "आजपासूनच आण."