मालनच्या विहिरीपासून पन्नास फूट

काशीराम मुंबईतल्या एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं प्लंबर होता. निवृत्त झाल्यावर तो बायकोला, हौसाला घेऊन देवरूखजवळच्या आपल्या वाडीत राहायला आला. गेल्या श्रावणात हौसा परसातल्या न्हाणीकडे जाताना शेवाळावरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. मुलगा विनोद तिला मुंबईला घेऊन गेला. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही म्हणून बजावलं. गावच्या घरी संडास बाहेर, तोही बैठा. त्यामुळे ती विनोदकडेच राहिली.

भातकापणी आटोपल्यावर काशीरामने मागच्या खोलीत कमोडची न्हाणी करायचं ठरवलं. सगळं स्वतःच करायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या मोऱ्या दुरुस्त केल्या होत्या. त्याने नळाच्या जागा आखल्या आणि बाहेर, जमीन मऊ होती त्या बाजूला, संडासाचा खड्डा खणायला घेतला. कमरेइतका झाला तेव्हा ग्रामसेवक निलेश तिथून जात होता. तो थांबला.

"काका, परवानगी घेतलीत?"

"माझ्या घरात माझी न्हाणी. परवानगी कुनाची?"

"टाईल्स बदलल्या असत्या तर विचारलंही नसतं. पण हा खड्डा नवा आहे." निलेशने पिशवीतून टेप काढला आणि शेजारच्या विहिरीपर्यंत अंतर मोजलं. "एकतीस फूट. पन्नास तरी हवं."

"ही मालनची विहीर. घर अकरा वर्षं बंद हाय. पानी कोन पितो?"

"आज कोणी पीत नसेल. पण विहीर आहे ना, काका. जागा बदला आणि अर्ज द्या."

निलेश गेल्यावर काशीराम खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. वाडीतल्या चौदा घरांपैकी चार घरांत चूल पेटत होती. त्याने काम तसंच पुढे रेटलं असतं तर बघायला कोण येणार होतं? तरी त्याने मालनला मुंबईला फोन लावला.

"मालन, तुमच्या हिरीजवळ आमचा संडासाचा खड्डा येतोय. चालंल काय?"

"करा की, भावजी," मालन सहज म्हणाली. "आमी आता कशाला येतोय तिकडं?"

परवानगी मिळाली, पण काशीरामला बरं वाटलं नाही. त्याने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन तो खड्डा बुजवायला लागला. तिथेच खड्डा ठेवला असता तर मालन परत येणार नाही हे त्यानेही मान्य केल्यासारखं झालं असतं.

घराची दुसरी बाजू म्हणजे सगळा जांभा खडक. पहारीचा घाव घालावा तर टवका उडायचा. पाच फूट खोल जायला बावीस दिवस लागले. मधे एकदा पाठ धरली, तेव्हा दोन दिवस पडून राहिला. फोनवर हौसाला यातलं काही सांगितलं नाही.

"खुर्चीवर बसलीस की हात टेकायला किती उंच लागतं?" एवढंच त्याने विचारलं.

"कशाला वो?"

"सांग तर."

नातीने, शमिकाने पट्टी लावून मोजलं आणि फोनवर ओरडून सांगितलं, "एकोणतीस इंच!" काशीरामने तेवढ्यावरच भिंतीत स्टीलचा दांडा बसवला. खाली खरबरीत टाईल्स लावल्या आणि दार बाहेर उघडेल असं केलं. आत माणूस पडलं तर दाराला अडून राहतं, हे त्याने हॉस्पिटलात पाहिलं होतं.

निलेश तपासणीला आला तेव्हा काशीरामने त्याला एकेक नळ सोडून दाखवला. निलेशने दाखला लिहून दिला. काशीरामने चहा केला, मग दुसऱ्यांदाही विचारलं. पण निलेशला पुढच्या गावी जायचं होतं. न्हाणी पुरी झाल्यावर तेवढाच एक माणूस ती बघून गेला.

मे महिन्यात विनोद हौसाला आठ दिवसांसाठी घेऊन आला. ती काठी टेकत आत गेली. काशीराम दाराबाहेर उभा राहिला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि म्हणाली, "दांडा बरोबर हाताशी लागतो." पडल्यापासून पहिल्यांदाच ती कोणाच्या मदतीशिवाय न्हाली होती.

आठव्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरायला घेतली.

"एवढी न्हानी केली ती कशासाठी?" काशीरामने विचारलं.

"न्हानी चांगली झाली वो. पन पावसात मला काय झालं तर तुमी एकटे कुठं कुठं धावाल? तुमीच चला तिकडं."

"बघू."

हौसाने त्याच्याकडे पाहिलं आणि लुगड्याची घडी पिशवीत ठेवली. 'बघू' म्हणजे काय, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

काशीराम मुंबईला गेला नाही. आता तो आतच आंघोळ करतो. दाराला कडी लावत नाही. काही झालंच तर दार तोडावं लागू नये म्हणून. तसं त्याने खालच्या घरच्या गंगारामला सांगून ठेवलं आहे. गंगाराम सकाळी दूध घालायला जाताना पायवाटेवरून एक हाक मारतो. काशीराम आतून ओ देतो आणि अंगावर पाणी घेतो.