घसरलेलं झुडूप

मित्रांनो, मी एक जुना फलालीनचा फळा आहे आणि मी जाम चिडलेलो आहे. आपली गोष्ट सांगताना सुरुवातीला गोड बोलायची पद्धत असते, ठाऊक आहे मला. गोड बोलायचं नंतर पाहू.

फलालीनचा फळा म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नसणारच. खडूचा फळा वेगळा. तो आमच्या नात्यातला नाही. माझ्या पोटात प्लायवूडची साधी फळी आहे. एका सुताराने ती कापली आणि शिवणकाम करणाऱ्या त्याच्या बायकोने तिच्यावर फलालीन ताणून बसवलं, वर आभाळाचं निळं, खाली मातीचं तपकिरी. फलालीन म्हणजे बारीक लव असलेलं मऊ कापड. त्यावर फलालीनचाच दुसरा तुकडा ठेवून तळहाताने दाबला की लवेत लव अडकते आणि तुकडा उभ्या फळ्यावर तसाच राहतो. टाचणी नको, डिंक नको.

प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत दर रविवारी मुलांचा वर्ग भरायचा. तिथल्या मोठ्या बाईंनी माझ्यासाठी फलालीनमधून बायबलमधली चित्रं कापली. मोशेशी देव ज्यातून बोलला ते जळतं झुडूप, रात्री लोकांना वाट दाखवणारा रानातला अग्निस्तंभ, गिदोनापुढे उभा राहिलेला देवदूत, रात्रभर याकोबाशी झुंजणारा तो अनोळखी माणूस. देव कुणाकुणाला कसा भेटला, ते सगळं माझ्या अंगावर मांडलं जायचं. देवाचं चित्र मात्र बाईंनी कापलं नाही. एका पोराने आठवण करून दिली की बाई, देवच राहिला. त्यावर म्हणाल्या, तो माझ्या कात्रीत मावत नाही.

झुडूप लावायची वेळ आली की बाई पोरांपैकी कुणाला तरी पुढे बोलवायच्या. पोर झुडूप दाबून धरायचं आणि पडेल या भीतीने हात काढायलाच तयार व्हायचं नाही. बाई हळूच म्हणायच्या, "सोड हात." हात सुटायचा, झुडूप राहायचं, आणि त्या पोराचा चेहरा असा उजळायचा की झुडूप खरंच पेटलंय असं वाटावं. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे काय, यावर बाईंनी कधी भाषण दिलं नाही. गरजच पडली नाही.

पहिल्या रांगेत रंगाऱ्याची मुलगी बसायची. बाई तिला ठिणगी म्हणायच्या, कारण तिच्या प्रश्नांनी वर्गात आग लागायची. झुडूप जळत होतं तर मोशेने आधी पाणी का नाही आणलं, अग्निस्तंभाच्या उजेडात लोकांना झोप कशी लागायची, असले प्रश्न. बाईंना ती फार आवडायची. मलाही.

मग बाईंची नजर अधू झाली आणि त्या लेकीकडे राहायला गेल्या. त्यांच्या जागी ताई आल्या. ताई वाईट नव्हत्या. हेच तर जास्त चीड आणणारं आहे. वाईट माणसावर निदान मनसोक्त रागावता येतं.

ताईंना चित्रं फार आवडली. इतकी जुनी, इतकी सुंदर, खराब व्हायला नकोत, असं म्हणत त्या ती सगळी घेऊन गेल्या आणि एकूणएक चित्राला लॅमिनेशन करून आणलं. पुढूनही प्लॅस्टिक, मागूनही प्लॅस्टिक. आता आणखी शंभर वर्षं काही होत नाही, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. अहो, पण मागची लव कुठे गेली? मी ओरडून ओरडून थकलो. फळ्याचं ऐकतो कोण!

त्याच आठवड्यात ठिणगीचे बाबा रंगकाम करताना शिडीवरून पडले. पायाचं हाड मोडलं. पाय पहिल्यासारखा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. रविवारी ठिणगी वर्गाला आली ती ओठ घट्ट मिटून. ताईंनी नेमका देवाच्या दर्शनांचा धडा काढला. त्यांनी जळतं झुडूप माझ्यावर दाबलं आणि हात काढला. झुडूप सर्रकन घसरलं आणि एका पोराच्या बुटावर जाऊन पडलं. वर्ग खिदळला. मग गिदोनाचा देवदूत लावला, तोही त्याच वाटेने खाली. "देवदूताला सुट्टी पाहिजे," कुणीतरी म्हणालं. ताई घामाघूम झाल्या.

ठिणगी हसली नाही. ती उभी राहिली.

"ताई, देव मोशेला भेटला, गिदोनाला भेटला. माझे बाबा पडले तेव्हा तो कुठे होता?"

ताईंचा चेहरा उतरला. "असं विचारू नये गं. आपण फक्त विश्वास ठेवायचा."

मित्रांनो, माझ्या अंगातली फळी तडकायची बाकी होती. कारण ज्या गिदोनाचा देवदूत जमिनीवर पडला होता, त्या गिदोनाने हेच विचारलं होतं! देव आमच्याबरोबर आहे म्हणता, तर मग आमच्यावर ही पाळी का आली? आणि देव त्याच्यावर चिडला नाही. निघूनही गेला नाही. तिथेच थांबून त्याच्याशी बोलत राहिला. ज्याची गोष्ट सांगायची, त्याचाच प्रश्न एका पोरीने विचारला तर तिला खाली बसवायचं? ताईंचं ते उत्तर झुडपासारखंच होतं, मागून पुढून गुळगुळीत. ठिणगीच्या मनावरून ते तसंच घसरून गेलं.

ती पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रात्रीची प्रार्थनासुद्धा तिने सोडली, असं तिची मैत्रीण ताईंना सांगत होती. आणि दोष कुणाला मिळाला? मला. फळा जुना झाला, धरत नाही, असं ठरवून मला अडगळीच्या खोलीत टाकलं. चित्रांचा डबा माझ्या पायाशी, आणि अंगावर टेकवल्या ओल्या छत्र्या.

बऱ्याच महिन्यांनी बाहेरून खरखर ऐकू आली. ठिणगीचे बाबा, काठी टेकत का होईना, कामाला लागले होते. शिडीवरचं काम सुटलं होतं, म्हणून प्रार्थनामंदिराच्या मंडळीने त्यांना बाकांना पॉलिश करायचं काम दिलं होतं. ठिणगी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन आली आणि त्यांनी सांगितलं म्हणून चिंध्या शोधायला अडगळीत शिरली. तिने मला पाहिलं. छत्र्या ढकलून दिल्या. चित्रांच्या डब्यातून झुडूप काढून माझ्यावर दाबलं. ते घसरलं. पुन्हा दाबलं. पुन्हा घसरलं.

"जा, तूही थांबू नकोस," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण रागाचं.

तरातरा बाहेर गेली आणि बाबांच्या सामानातून डिंक आणि पॉलिश पेपर घेऊन आली. लाकूड घासायचा तो खरखरीत कागद. त्याचे तुकडे तिने झुडपाच्या पाठीवर डिंकाने चिकटवले, खरखरीत बाजू बाहेर. वाळेपर्यंत तिथेच मांडी घालून बसली. मग झुडूप दाबलं.

हात काढायला तिने वेळ लावला. मी मनात म्हणालो, सोड हात.

तिने सोडला. झुडूप राहिलं.

नंतर तिने याकोब काढला आणि त्याच्याशी झुंजणारा तो माणूस. पहाटेपर्यंत याकोबाने त्याला सोडलं नव्हतं. झुंजीत मांडीचा सांधा निखळला, लंगडत निघाला, पण आशीर्वाद घेऊन. बाहेर बाबांची काठी टकटक वाजत होती. ठिणगी वर न बघता म्हणाली, "मी अजून चिडलेलीच आहे. पण बोलतेय."

ती माझ्याशी बोलत नव्हती, एवढं मलाही कळलं.

दारात ताई उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्या आत येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, तुझा त्या दिवशीचा प्रश्न पुन्हा विचार. ठिणगीने विचारला, शब्द न बदलता.

"मला माहीत नाही गं," ताई म्हणाल्या. "मीसुद्धा त्याला विचारतेय."

हे उत्तर घसरलं नाही. मग दोघींनी मिळून देवदूताच्या पाठीला पॉलिश पेपर लावला.

आता मी पुन्हा वर्गात आहे. ठिणगी पहिल्या रांगेत आहे आणि तिचे प्रश्न आणखी वाढलेत. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून एवढंच मागतो. मित्रांनो, आम्हाला जपायचं तर वापरून जपा. आणि कुणी देवाला रागाने काही विचारलं, तर त्याच्या तोंडावर प्लॅस्टिक चढवू नका. विचारणारा धरून राहायचाच प्रयत्न करत असतो.

पॉलिश पेपरने दर रविवारी माझी लव थोडी थोडी निघते. ताई काळजीने हात फिरवून बघतात. निघू दे. झुडूप राहतंय ना.