धुरपताबाईच्या फरशीखालचं पाणी

साहेब, तुम्ही माझ्या सासूची फरशी फोडायला निघाला होता. तुमच्या हातात हातोडा नव्हता, एवढंच. हातोडा तुम्ही दुसऱ्याच्या हातात देता, आणि स्वतः मोटरसायकलवरून खाली पायसुद्धा टेकवत नाही.

ती फरशी कशी आली ते आधी ऐका. माझी सासू म्हणजे धुरपताबाई. मी तिला मामी म्हणते. दिवाळी झाली की ती आणि माझा नवरा किशन ट्रॅक्टरवर बसून ऊसतोडीला जायचे. लग्नानंतर मीही जायला लागले. तिकडं पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं. वर पाचट आणि खाली ढेकळं. पाठीखाली ढेकूळ टोचलं की मामी म्हणायची, "उज्ज्वला, माह्या घरी अशी फरशी टाकीन ना, का गोटी सोडली त थेट भितीलेच जाऊन लागली पाह्यजे."

टाकली तिनं. पांढरीशुभ्र, कडेला निळे मोर. कामरगावच्या दुकानातून आणताना टेम्पोत ती स्वतः फरश्यांजवळ बसून आली. पहिल्या दिवशी खरंच गोटी सोडून पाहिली. गोटी भिंतीला लागली तेव्हा मामी एवढी हसली की शेजारची म्हातारी विचारायला आली, कोणाले काय झालं म्हणून.

त्या दिवसापासून घरात आमचं काही खरं नाही. खाट आत आणायची नाही, पाय ओरखडे काढतात. किशननं जेवायचं ते ओसरीत, कारण तो कालवण सांडतो. पाहुण्यांनी फरशी दारातूनच पाहायची आणि चांगली आहे म्हणायचं. कोंबडी चुकून आत गेली तर मामीची आरोळी खालच्या आळीपर्यंत जाते.

आमचं घर वरच्या आळीत, टेकाडावर. नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, तेही बारीक. नळ दिला तेव्हा तुमच्याच पाणीपुरवठा खात्याच्या माणसानं सांगितलं होतं, "प्रेशर नाई बाई, पाइप हौदाच्या तळाले सोडा, म्हंजे पाणी चांगलं वढते." सोडला. अंगणात आमचा जमिनीतला हौद आहे. त्यातून स्वयंपाकघरात जाणारी नळी किशननं फरशीखालून नेली. का? तर पुण्याकडं म्हणे पाइप दिसत नाहीत. फरशीच्या नादात मामीनंही होय म्हटलं.

आणि वर्षभर हौदाला काय झालं कोणास ठाऊक. पाण्याच्या दिवशी गळ्यापर्यंत भरायचा, दुसऱ्या दिवशी पाहावं तर अर्ध्याच्या खाली. किशननं आतून दोनदा सिमेंट मारलं. काही फरक नाही. आठवड्याचं पाणी तीन दिवसांत संपायचं, मग मी आणि मामी डोक्यावर गुंडे, म्हणजे घागरी घेऊन लोकांच्या विहिरींवर.

म्हणून तुम्हाला बोलावलं, साहेब. तुम्ही आलात. गाडी बंदही केली नाही.

"हौद भरतो का?"

"भरते ना साहेब," किशन म्हणाला. "पण ऱ्हायत नाई."

"मग लीकेज घरातलं आहे. मीटरच्या अलीकडचं आमचं, पलीकडचं तुमचं."

आमच्याकडं मीटरच नाही. पण अलीकडं आणि पलीकडं मात्र तुम्ही बसल्या जागी ठरवलंत.

"साहेब, जरा उतरून पाह्यता का?" मामीनं विचारलं.

"त्यात काय पाहायचं? पाइप फरशीखालून नेलाय ना? फरशी उकरा. पुढच्या पाण्याच्या दिवसापर्यंत दुरुस्त केल्याचा प्लंबरचा दाखला आणा. नाहीतर पाणी वाया घालवता म्हणून नळ कापावा लागेल."

गेलात. मामी दारात उभी होती. आत निळे मोर चकाकत होते आणि बाहेर नळ. दोन्हींतलं एक जाणार होतं.

कारंज्याहून रामकिसन प्लंबर आला. आल्या आल्या त्यानं हिशेब मांडला. गळती शोधायचे वेगळे, फोडायचे वेगळे, जोडायचे वेगळे.

"अन् फरशी परत बसवाची?" मी विचारलं.

"थे आपलं काम नाई ताई. त्याले मिस्त्री लागते. अन् हे मोर आता भेटाचे नाई. बंद झाला हा माल."

गळती शोधायचे पैसे घेऊन त्यानं शोधली कशी, तर मामीकडून स्टीलचा गिलास मागितला, फरशीवर उपडा ठेवला आणि त्याला कान लावला. डोळे मिटले. 

"अथी हाय," तो म्हणाला. "गुडगुड आयकू येते."

"थे माह्यं पोट व्हय," किशन दारातून म्हणाला. "सकाळपासून पोटात काई नाई."

रामकिसननं गिलास चार मोर पलीकडं सरकवला. तिथंही गुडगुड. मग चुलीजवळ, मग कपाटाच्या जागी. सगळीकडं गुडगुड. शेवटी तो म्हणाला, "पुरी फरशीच खोलून टाकू. इलाजच नाई," आणि पिशवीतून हातोडा काढला.

मामीनं पदर खोचला, खोलीच्या मधोमध गेली आणि फरशीवर आडवी झाली. हातपाय पसरून, जेवढे मोर झाकता येतील तेवढे झाकून.

"आता मार," ती म्हणाली. "पह्यले माह्यावर मार, मंग फरशीवर."

"मावशी, उठा ना व. मले दुसऱ्या घरी जाचं हाय."

"जाय ना बापा. मी कायले धरलं तुले?"

"किशनभाऊ, सांगा ना तुमच्या मायले."

"मले तिनं ह्या खोलीत जेवू देल्लं नाई आजलोक," किशन म्हणाला, "मी काय सांगू तिले?"

मला हसू आवरेना. मामीही पडल्या पडल्या हसायला लागली, पोट हलायला लागलं. पण उठली नाही. रामकिसननं हातोडा पिशवीत घातला आणि म्हणाला, पुढच्या पाण्याच्या दिवशी संध्याकाळी येतो, तवरीक म्हातारीले समजावा.

फरशीखाली पाणी मुरत असतं तर कुठं तरी ओल दिसलीच असती. हे माझ्या डोक्यात घोळत होतं. वर्षभर एवढं पाणी जातंय आणि भिंतीला साधी बुरशी नाही? मी मामीला म्हटलं, "हौदात रंग टाकून पाहू. फरशीखाली गळत असन त सांधीतून रंग दिसनच. नाई दिसला त रामकिसनले सांगता येईन, का चाल निंघ."

"प्याच्या पाण्यात रंग?"

"खाण्याचा टाकू. जिलबीत टाकतात तो."

कामरगावच्या बाजारातून मी जिलबीचा केशरी रंग आणला. चिमूटभर पुरला असता. पण पाण्याच्या दिवशी, हौद भरला आणि वरच्या आळीचं पाणी बंद झालं, तेव्हा मामीनं माझ्या हातातली पुडी घेतली आणि सगळीच्या सगळी हौदात उपडी केली.

"मामी!"

"माह्या फरशीचा सवाल हाय. कंजूसपणा नोको."

मग तिनं कापूस वेचायचं पांढरं फडकं फरशीवर अंथरलं, त्यावर मांडी घातली आणि सांधीकडं बघत बसली. मी भिंती पाहत होते. किशन बाहेरून पाया पाहत होता. कुठं काही नाही. फडकं पांढरंच. हौदातलं केशरी पाणी मात्र हळूहळू खाली चाललं होतं. माझ्या डोळ्यांदेखत वीतभर भिंत उघडी पडली.

"चाललं त हाय व," मी म्हटलं. "पण कुठी चाललं?"

तेवढ्यात खालच्या आळीतून लाउडस्पीकरचा आवाज आला. माणिकरावांचा सत्कार सुरू झाला होता.

माणिकराव म्हणजे खालच्या आळीचे मेंबर. ते निवडून आल्यापासून खालच्या आळीला चमत्कार झाला होता. सगळ्या गावाचं पाणी बंद झालं तरी त्यांच्या सार्वजनिक नळाला आणखी तास-दोन तास यायचं. माणिकराव म्हणायचे, हे माह्या पाठपुराव्यामुळं. म्हणून सत्कारही पाण्याच्याच दिवशी ठेवला होता, पाणी बंद झाल्यावर, नळाजवळ, म्हणजे सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल. आणि प्रमुख पाहुणे तुम्ही होतात, साहेब. त्या दिवशी मात्र मोटरसायकलवरून उतरला होता.

मी टेकाडाच्या कडेला येऊन उभी राहिले. खाली मांडव, खुर्च्या, पांढऱ्या शर्टातले माणिकराव. नळाला हार घातलेला; मघापर्यंत त्याच नळाच्या पाण्यानं सगळा मांडव शिंपडला होता, जमीन ओली होती.

"वरच्या आळीचं पाणी बंद झालं का नाई?" माणिकराव माइकवर म्हणाले. "झालं! अन् आपल्या नळाले? पाहा!"

त्यांनी नारळ फोडला आणि नळ सोडला.

जिलबी, साहेब. अस्सल जिलबीच्या रंगाची धार. पहिला फवारा माणिकरावांच्या शर्टावर, दुसरा तुमच्या पँटीवर. बाया किंचाळल्या, मग थांबल्या, मग कोणीतरी हसलं.

मी मागं वळून ओरडले, "मामी! फरशी सोडा अन् पह्यले खाली चाला!"

मामी फडक्यासकट उठली. त्या उतारावरून मी तिला एवढ्या वेगानं जाताना कधी पाहिलं नव्हतं. मांडवात शिरली तेव्हा तुम्ही माइक हातात घेतला होता.

"कोणीही हे पाणी पिऊ नका! पाणी दूषित झालंय!"

मामीनं नळाखाली ओंजळ धरली आणि घटाघटा प्यायली. तोंड पुसलं.

"दूषित नाई, थे माह्यं पाणी हाय," ती म्हणाली. "माह्या हौदातलं. जिलबीचा रंग मीच टाकला."

"काय बोलता बाई? तुमचा हौद वर, हा नळ इथं."

"म्हनूनच," मी म्हटलं. त्या क्षणाला माझ्याही डोक्यात उजेड पडला होता. पाइप हौदाच्या तळाला बुडलेला. वरून पाणी बंद झालं, खालचा नळ उघडा, की तोच पाइप आमचं पाणी उलटं ओढून खाली आणतो. पेट्रोल काढताना नळीनं ओढतात तसं. मी किशनला फोन लावला. "हौदातला पाइप वर उचला. पुरा बाहीर काढा पाण्यातून."

"काहून?"

"काढा म्हंते ना!"

सगळे नळाकडं पाहत होते, बाया मात्र सवयीनं धारेखाली गुंडे, बादल्या लावत होत्या. धार चालू. चालू. मग नळ खर्र् करून खाकरला, दोनदा थुंकला आणि बंद पडला.

माणिकरावांनी नळ पूर्ण फिरवून पाहिला. मग उलटा फिरवला. काही नाही.

सोनीबाई खालच्या आळीतली, तोंडाची फटकळ. तिनं कमरेवर हात ठेवले. "म्हंजे माणिकराव, वर्षभर आमी धुरपताबाईच्या हौदातलं पाणी पेलो, अन् हार तुमच्या गळ्यात?"

"मले काय माईत बाई," माणिकराव म्हणाले, "मले वाटलं पाठपुराव्यानंच येऊन राह्यलं."

एवढा हशा मी आमच्या गावात पाहिला नाही. माणिकराव स्वतःही हसायला लागले, शर्टावर जिलबी घेऊन. काही झालं तरी माणूस मोकळा आहे. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली आणि मामीच्या खांद्यावर टाकली. नारळही दिला. सोनीबाईनं माइक घेतला आणि सांगितलं, "वर्षभर आमाले पाणी पाजल्याबद्दल धुरपताबाईचा सत्कार!" मामीनं पदर तोंडावर घेतला. तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणी शाल दिली होती, तीही थोडी केशरी झालेली.

आणि मग जे झालं ते तुम्ही पाहिलं नाही, कारण तुम्ही निघून गेला होता. सोनीबाईनं नुकताच भरलेला गुंड उचलला आणि टेकाड चढायला लागली. तिच्या मागं दुसरी, मग तिसरी. केशरी पाण्याचे गुंडे, बादल्या, कॅन. सगळं आमच्या हौदात परत. "उसनं घेतलं होतं व, वापस करून राह्यलो," असं म्हणत एकेक बाई ओतत होती. शेवटी चहा ठेवायची वेळ आली आणि ओसरीत जागा पुरेना. सगळ्या बाया दारात उभ्या राहून मामीकडं पाहत होत्या. फरशीकडंही.

मामीनं त्यांच्या पायांकडं पाहिलं. मग म्हणाली, "पाय धुऊन या."

आल्या. फरशी टाकल्यापासून तिच्यावर एवढी माणसं पहिल्यांदा बसली. मामी स्वतः मधोमध, शाल घेऊन. किशन ताट घेऊन दारात घुटमळत होता. मामीनं मोरांच्या कडेला जागा दाखवली. तो बसला, आणि पहिल्याच घासाला कालवण सांडलं. मामीनं पाहिलं. पदरानं पुसलं, बस.

संध्याकाळी रामकिसन आला. हातोडा न काढता दहा मिनिटांत काम झालं. पाइप वर घेतला, पाण्यात बुडणार नाही असा, आणि एक वॉल बसवला, पाणी आत येऊ देणारा पण उलटं जाऊ न देणारा. मोराच्या चार फरश्यांएवढाही खर्च आला नाही. वॉल हातात घेऊन तो म्हणाला, "हे त नळ देतानाच बसवाले पाह्यजे व्हतं. परतेक कनेक्शनच्या सरकारी सामानात येते हे."

येतो ना, साहेब? प्रत्येक कनेक्शनला येतो. वरच्या आळीत एकाही घराच्या नळाला तो नाही. किशन दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन पाहून आला. पाइप तळाला सोडा, हे तुमच्याच माणसानं सांगितलं. दाखला मात्र तुम्ही आम्हाला मागितला, आणि दाखल्यासाठी फरशी.

तुमचा माणूस परवा आला होता, दाखला आणला का विचारायला. मामीनं त्याला पाय धुऊन आत बसवलं, चहा दिला आणि नवा वॉल दाखवला. म्हणाली, जाऊन साहेबाले एक विचार. मी तेच आता तुम्हाला तोंडावर विचारते आहे, आणि यावेळी गाडी बंद करून, खाली उतरून सांगा.

आमच्या आळीचे वॉल कुठं गेले?