तांबड्या ओकची माडी

माडीच्या जमिनीला तांबड्या ओक लाकडाच्या फळ्या बसल्या, तेव्हा मनोरमेला वाटलं, आता बाळाची छाती मोकळी होईल. खालच्या मातीच्या जमिनीत पावसाळाभर ओल, आणि पोर रांगायला लागल्यापासून खोकतच होतं. नवरा बबनराव वाशीमच्या कापसाच्या जिनात कामाला. अमेरिकेची यंत्रं ज्या पेट्यांतून आली त्यांचं लाकूड त्याने मागून आणलं. सैफुद्दीन सुताराने एका तुकड्याचं टोक पाण्यात बुडवलं, दुसऱ्या टोकातून फुंकर मारली, तर पाण्यात बुडबुडे उठले. लाकूड कडक आहे, जन्मभर पायाखाली टिकेल, पण त्याच्या अंगात नळ्या आहेत, पाणी प्यालं की फुगेल, असं त्याने बजावलं. जवसाचं तेल चोळा म्हणाला, पाणी दाखवू नका.

मनोरमेने सासूला तसं सांगितलं. चतुराबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सातासमुद्रापलीकडचं लाकूड. न सारवता त्याच्यावर लेकरू सोडू काय मी?"

दर सोमवारी माडी शेणाने सारवली जाऊ लागली. मनोरमा कॉलेजात शिकलेली खरी, पण रात्र रात्र जागणाऱ्या बाईने वाद घालायला बळ आणावं कुठून? ती नुसती बघत राहिली. आधी खिळ्यांभोवती काळे डाग पडले. मग फळ्यांच्या कडा उचलल्या. मग दार खाली घासू लागलं.

श्रावणातल्या एका सकाळी बाळाला माडीवर निजवून ती ओव्याचं पाणी उकळायला खाली उतरली. मागे वाऱ्याने दार लागलं. ती वर आली आणि ढकलू लागली, तर आतली फुगलेली फळी दाराला आडवी. आत बाळ खोकत होतं. खोकला थांबला की तिचा जीव आणखीच उडे. धडका ऐकून चतुराबाई वर आल्या. दोघींनी खांदे लावले तेव्हा दार करकरत वीतभर सरकलं, आणि मनोरमा अंग चोरून आत शिरली.

बाळ दमट सारवणावर पालथं पडलं होतं. अंगडं ओलं, छाती घरघरत होती. पण डोळे उघडे होते.

"सुताराचं म्हणणं पुन्हा काहून नाही सांगतलं मले?" चतुराबाईंनी फटीतूनच विचारलं.

"थकले होते, मामीजी."

सासूने फटीतून दोन्ही हात आत घातले. "आण इकडं. फळ्या वाळेपर्यंत माह्या मांडीवर राहील हे. तू पड जराशीक."

मनोरमेने पोर दिलं आणि तिथेच भिंतीला टेकली. जिन्यावर पावलं उतरत गेली. खालून एकदा खोकला ऐकू आला. ती डोळे मिटून पुढच्या खोकल्याची वाट बघत राहिली.