टपापर्यंत पोचणारा हात

मी एक जुनी, बुटकी, लांबोडकी जपानी मोटार आहे. यामागाताकडच्या बर्फाळ गावात राहते. मित्रांनो, माझ्या तरुणपणी आम्हा स्टेशन वॅगनना मोठा मान होता. पुढून साधी मोटार, मागून छोटा टेम्पो! इंजिन लहान, खाणे बेताचे. बर्फात मात्र चारही चाके जोर लावत. मागची आसने पाडली की माझ्या मालकाची, कांजी ओकुयामाची, मुळ्याच्या लोणच्याची पिंपे सरळ आत सरकत. बाजारात लोक माझ्या पाठीवर थाप मारत. पुढे सरकत्या दारांच्या, उंच खोक्यांसारख्या गाड्यांचे दिवस आले आणि आम्हाला कोणी विचारेना.

कांजीची मुलगी मिसाओ तसलेच एक खोके घेऊन माहेरी आली. बाबा थकले, ही गाडी भंगारात द्या, असा तिने हट्टच धरला. माझी तर पाचावर धारण बसली.

त्या दुपारी सगळे माझ्यातूनच गावच्या गरम झऱ्यावर आंघोळीला गेले. ते बाहेर येईपर्यंत एवढा बर्फ पडला, की आवारातल्या गाड्यांचे नुसते पांढरे ढिगारे उरले होते. कांजीने फावडे घेऊन एक बुटका ढिगारा उपसला. फावड्याचा आवाज माझ्या शेजारून येत होता! आतून निघाली ती स्नानगृहाच्या मालकाची, साकुमाची वॅगन.

"सावकाश होऊ द्या काका, काचाही पुसा," साकुमा म्हणाला. सगळे हसले, कांजी सोडून.

"बाबा, आता पुरे," मिसाओ हळूच म्हणाली. कांजीने किल्ली तिच्या हातावर ठेवली.

तेवढ्यात कांजीची ठेंगणी बायको तोमिए माझ्याजवळ आली आणि बाहीनेच माझ्या टपावरचा बर्फ लोटू लागली.

"किल्ली इकडे आण. उद्यापासून मी शिकते."

तिने परवाना काढला होता, पण गाडी कधी चालवलीच नव्हती. त्यामुळे तिच्या परवान्यावर निर्दोष चालकाची सोनेरी पट्टी होती.

"माझ्या हातून आजवर एक चूक नाही," ती ऐटीत म्हणाली.

"चालवलीच नाहीस, तर चूक कुठून होणार?" कांजी पुटपुटला.

"आई, मग माझ्यासारखी नवी घे ना."

"तुझ्या खोक्यावरचा बर्फ काढायला मला शिडी लागेल गं. हिच्या टपाला माझा हात पोचतो."

साकुमाच्या रिकाम्या आवारात तोमिए शिकली. आता बाजाराला तीच मला नेते. शेजारी बसून कांजी सारखा सूचना देतो, पण निघण्याआधी माझ्या काचा तोच पुसतो.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एवढेच पाहा, घरात कोणाचा हात अजून तिच्यापर्यंत पोचतो.